रसवंतीचा ग्लास: रस, बर्फ आणि विसळायची बादली

रानजाई | ७ एप्रिल, रात्री ९:४०

माझा भाचा बावीस वर्षांचा आहे. राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहतो, दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत. मार्चमध्ये डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं, हिपॅटायटिस ए. तीन आठवडे पाठ टेकून होता, परीक्षा गेली. वर्षभराची मेहनत होती हो, आणि आमच्या ताईकडे दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येणार हा प्रश्न आहेच.

डोळे पिवळे व्हायच्या दोन दिवस आधी तो अभ्यासिकेखालच्या रसवंतीवर रस प्यायला होता. मी जाऊन बघून आले. ग्लास एकाच बादलीत विसळतात, पाणी राखाडी झालेलं, वर चोथा तरंगतोय. तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. मला रीतसर तक्रार करायची आहे. रस तपासून मिळतो का? कुठे द्यायचा? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सातारी_माती | ७ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, भाच्याला लवकर बरं वाटो. पण एक सांगतो. आम्ही एसटी स्टँडवरचा रस, गोळा, ताक पीतच वाढलो. आज पन्नाशी उलटली, कधी कावीळ झाली नाही. आताच्या पोरांना फिल्टरचं पाणी पाजून नाजूक केलंय असं माझं प्रामाणिक मत आहे. हातावर पोट असलेल्या माणसावर तक्रार करण्याआधी विचार करा.

गावठाणातला_डॉक्टर | ७ एप्रिल, रात्री ११:०५

दोघांनाही उत्तर देतो, कारण दोघांच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे.

रानजाई ताई, दोन दिवसांचा हिशोब जुळत नाही. हिपॅटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस लागतात, बहुतेकदा चार आठवड्यांच्या आसपास. मार्चमध्ये कावीळ झाली म्हणजे गडबड बहुधा फेब्रुवारीत झाली. तो ग्लास कुठला, ते पाणी कुठलं, आता कुणालाच सांगता येणार नाही. टायफॉइडचंही असंच, एक ते तीन आठवडे. कॉलरा मात्र काही तासांपासून पाच दिवसांत गाठतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक रुग्ण काल काय खाल्लं तेच सांगतो, आणि कालचा माणूस उगाच बदनाम होतो.

आणखी एक गोष्ट सांगतो. सांगताना वाईट वाटतं, पण ती माहीत हवी. या काविळीत विषाणू शौचावाटे सर्वांत जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे भाचा त्या रसवंतीवर गेला तेव्हा तो स्वतःच विषाणू बाहेर टाकत होता. त्याच्या खोलीतल्या मुलांना लस दिली का? संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो. आणि हाताला लावायचं सॅनिटायझर या विषाणूवर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

सातारी दादा, तुम्हाला कावीळ "झाली नाही" असं नसावं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत हा आजार बहुधा लक्षणांशिवाय जातो. दोन दिवस कणकण, जेवण नको, संपलं. तुमच्या-माझ्या पिढीला तो लहानपणीच होऊन गेला, त्यातून आलेली प्रतिकारशक्ती जन्मभर पुरते. आजच्या मुलाला स्वच्छ पाणी मिळतं आणि विषाणूची पहिली गाठ विसाव्या वर्षी पडते, तेव्हा तो अंथरुणाला खिळवतो. यात पोरांच्या नाजूकपणाचा काही संबंध नाही. वय बदललं, घाण तिथेच राहिली.

रानजाई | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

डॉक्टर, रात्री झोप लागली नाही. मी त्या माणसाला जवळजवळ गुन्हेगार ठरवून बसले होते. खोलीतल्या दोघा मुलांना आजच फोन करते. तक्रारीचं बाजूला ठेवते, पण ती बादली मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती कुणासाठीच बरोबर नाही. म्हणून प्रश्न तोच ठेवते: तपासायचं काय आणि कसं?

सूक्ष्मदर्शी | ८ एप्रिल, दुपारी १:३०

तीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून जरा लांबण लावते.

रस तपासायला देऊ नका. तुम्ही दिलात की अहवालात जंतूंचा आकडा भला मोठा येणार, तुम्ही घाबरणार आणि कळणार काहीच नाही. ऊस शेतातून येतो. त्याच्या कांड्यांवर, पेरांवर माती असते, मातीतले जंतू असतात. ल्यूकोनोस्टॉक नावाचा जंतू तर उसाचा घरचाच. तोड झालेला ऊस पडून राहिला की कापलेल्या टोकातून आत शिरतो आणि साखर खाऊन रसाला चिकट, आंबूस करतो. रस काढल्यावर उन्हाळ्यात ठेवलात तर तासा-दोन तासांत चव बदलते ती अशामुळेच. त्यातले बहुतेक तुम्हाला आजारी पाडत नाहीत. कोलिफॉर्म हा शब्द अहवालात दिसला तरी थांबा, त्या कुळातले काही जंतू झाडापाल्यावर आणि मातीतही सुखाने राहतात.

ई. कोलाय मात्र वेगळा. तो माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यातला रहिवासी. तो सापडला म्हणजे कुठून तरी विष्ठेचा अंश आला, आणि त्याच वाटेने टायफॉइड, कॉलरा, कावीळ येऊ शकते. म्हणूनच पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नको.

आता रसवंतीत तो येतो कुठून? उसातून फारसा नाही. तो येतो पाण्यातून, बर्फातून, हातातून आणि फडक्यातून. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून बघता काय? चरक चकचकीत आहे का, ऊस ताजा आहे का, माश्या किती आहेत. यातलं सगळं बघा, पण मान थोडी खाली करून काउंटरच्या मागे बघा. बादली तिथे असते.

त्या बादलीत सकाळी पहिला ग्लास विसळला तेव्हा पाणी कदाचित नळाचं, क्लोरिनचं असेल. दहाव्या ग्लासापर्यंत त्यात रसाची साखर आणि चोथा आला. क्लोरिन जंतूंवर जातं तसं साखरेवर, चोथ्यावरही खर्च होतं. अर्ध्या तासात ते संपतं. उरतं कोमट, गोड पाणी. जंतू वाढवायला प्रयोगशाळेत आम्ही यापेक्षा फार वेगळं काही बनवत नाही. अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. आणि शेवटी त्या ओल्या ग्लासाला खांद्यावरचं फडकं.

बर्फाबद्दल एकच सांगते. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, काही मरतात, बाकीचे निजतात. ग्लासात बर्फ वितळला की उठतात. लिंबू आणि आलं चवीला छान आहे, पण लिंबाच्या आंबटपणाने पाच मिनिटांत रस निर्जंतुक होतो हा समज सोडा. लिंबू न धुता सालासकट चरकात घालतात, म्हणजे उलट सालीवरचं सगळं रसात.

तपासायचंच तर एच२एस ची बाटली आणा. आतमध्ये औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट, घरात सावलीत २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळल्याची दाट शंका. काविळीचा विषाणू तिच्यात दिसत नाही, पण ज्या वाटेने तो येतो ती वाट दिसते. रस घालू नका, पाणी आणि वितळलेला बर्फ घाला. भरताना बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका. काळी झालेली बाटली उघडून नाल्यात ओतू नका, आत ब्लीचिंग पावडर घालून थोडा वेळ ठेवा आणि मग संडासात टाका.

चेंबूरनाका | ८ एप्रिल, दुपारी ३:१०

आमच्या मुंबईत २०१९ च्या मार्चमध्ये कुर्ला स्थानकावरच्या लिंबू सरबताचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. स्टॉलच्या छपरावर चढून टाकीतल्या पाण्यात हात घालून चाललेलं काम. त्यानंतर मध्य रेल्वेने स्थानकांवर उघडं लिंबू सरबत, काला खट्टा विकायला बंदी घातली. बर्फाचं म्हणाल तर २०१८ पासून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम आहे: खायचा बर्फ बिनरंगी, न खायचा बर्फ निळा करून विकायचा. मासे, प्रेतं, कारखाने यांसाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा असं बंधन नसतं, म्हणून रंग. गाडीवर निळसर बर्फ दिसला तर सरळ पुढे जा. पण बिनरंगी दिसला म्हणजे चांगला, असं मात्र मी धरत नाही.

चरकवाला | ८ एप्रिल, रात्री ११:५०

दुकान बंद करून लिहितोय. दोन दिवस धागा वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

आम्ही पुरंदर तालुक्यातले. तुम्ही राज्यात कुठेही जा, रसवंतीच्या पाटीवर कानिफनाथ नाहीतर नवनाथ दिसतं. बोपगावला कानिफनाथाचा डोंगर आहे, त्याच्या आसपासच्या गावांतली माणसं या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून ते नाव. आजोबांचा लाकडी चरक होता, बैल फिरवायचे. बैलाच्या गळ्यातली घुंगरं आता लोखंडी चाकाला बांधतो. आमच्या घरी शिवरात्रीला दुकान मांडायचं आणि मृग लागला की गुंडाळून गावी पेरणीला जायचं, हा रिवाज.

सूक्ष्मदर्शी ताई, तुम्ही लिहिलेली बादली माझ्याच दुकानातली वाटली. वाचताना लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण ती बादली का आहे तेही ऐका.

उन्हाळ्यात माझे दिवसाला चारशे ग्लास जातात. वाहत्या पाण्याखाली एक ग्लास नीट धुवायला अर्धा लिटर धरा. दोनशे लिटर झाले. माझ्या दुकानाला नळ नाही. समोरच्या सोसायटीचा वॉचमन सकाळी सहाला एक पिंप भरू देतो, महिन्याचे पैसे घेतो. ते पिंप दुपारी एकला संपतं. पुढे टँकरचं पाणी, ते कुठल्या विहिरीचं मला माहीत नाही. २० लिटरचा जार मी पिण्यासाठी घेतो, त्यात ग्लास धुवायला लागलो तर संध्याकाळी हातात काही उरणार नाही. म्हणून बादली. कुणी हौसेने ठेवत नाही.

नळासाठी अर्ज केला होता. जागेचा कागद मागितला. माझ्याकडे फेरीवाल्याचं प्रमाणपत्र आहे, २०१४ च्या कायद्याप्रमाणे मिळालेलं. त्यावर मी इथे बसून विकू शकतो, पण त्याच्यावर नळ मिळत नाही. अन्न परवान्याची नोंदणीही मी केलेली आहे, १०० रुपयांत झाली. नोंदणी करताना पाणी कुठून आणतोस हे मला कुणी विचारलं नाही.

बर्फ नऊ वाजता टेम्पोने येतो. लादी गोणपाटात, टेम्पोतून आकड्याने ओढून फुटपाथवर. मी पोत्यावरून उचलतो, दोन मग पाणी मारतो, टोच्याने फोडतो. त्या पोत्याला वर्षभर कुणी धुतलं असेल असं वाटत नाही. मागच्या वर्षी माझी स्वतःची मुलगी टायफॉइडने आजारी पडली. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बर्फ चोखत बसायची. तेव्हापासून मी ग्लासात बर्फ टाकणं बंद करायचा प्रयत्न करतोय. रस स्टीलच्या डब्यात काढतो, डबा बर्फात ठेवतो, बर्फ बाहेर आणि रस आत. थंड होतो, पण चार-पाच मिनिटं लागतात. गिऱ्हाईक थांबत नाही. "बर्फ टाक ना मामा" म्हणतं, नाही टाकला तर शेजारच्याकडे जातं. बर्फाने ग्लास भरलेला दिसतो हेही आहे, आणि काही जण त्याचाच फायदा घेतात. ते आमच्या धंद्याचं पाप आहे.

चरकाचं सांगतो. रोलरच्या फटीत चोथा अडकतो. दुपारी एकदा आणि रात्री एकदा उकळत्या पाण्याने धुतला नाही तर दुसऱ्या दिवशी पहिल्या ग्लासाला आंबट वास येतो. तुम्ही सकाळी गेलात तर पहिला ग्लास घेण्याआधी नाक जवळ नेऊन बघा. चांगला रसवंतीवाला पहिला हात नुसत्या पाण्याचा मारतो आणि दोन कांडी ऊस फुकट घालवतो.

ताई, मला एवढंच सांगा. एका पिंपात, नळ नसताना, मी काय करू शकतो? नुसतं "स्वच्छता ठेवा" सांगू नका. माप सांगा.

सूक्ष्मदर्शी | ९ एप्रिल, सकाळी ६:४५

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मापच सांगते.

एका बादलीऐवजी तीन. पहिलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं, तिसरीत क्लोरिनचं. तिसरीसाठी साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं सोडियम हायपोक्लोराइट घ्या, ५ टक्क्यांचं, लेबल वाचून. १० लिटर पाण्याला २० मिलिलिटर. ग्लास त्यात एक-दोन मिनिटं पूर्ण बुडू द्या आणि जाळीवर पालथे घाला. पुसू नका. फडकं दुकानातून बाद. दुसऱ्या बादलीचं पाणी गढूळ दिसलं की बदला, नाहीतर चोथा तिसरीत जाईल आणि क्लोरिन खाऊन टाकेल. १० लिटरच्या प्रत्येक बादलीत शंभर ग्लास निघाले तरी तुमचं पाणी दोनशे लिटरवरून १२० लिटरवर येईल. पिंपाला झाकण आणि खाली तोटी बसवून घ्या, मग आत मग बुडवायला नको. पैसे घेणारा हात आणि ग्लास देणारा हात वेगळा, शक्यतो माणूसच वेगळा.

बर्फाबाबत तुम्ही जे करताय तेच योग्य. ऊस तासून, धुऊन रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवता आला तर रसच थंड निघेल.

पंचगंगा_काठ | ९ एप्रिल, सकाळी १०:३०

मी फक्त वाचत होते. माझी वहिनी सातव्या महिन्यात काविळीने गेली. नऊ वर्षं झाली. पाच दिवसांत संपलं सगळं. ई प्रकारची होती असं नंतर सांगितलं. कुठलं पाणी, कुठलं सरबत, आम्हाला कधीच कळलं नाही. गरोदर बाई घरात असेल तर बाहेरचं पाणी, बर्फ, सरबत काही देऊ नका, एवढं कृपया ऐका.

गावठाणातला_डॉक्टर | ९ एप्रिल, दुपारी २:००

ताई, तुम्ही हे लिहिलंत हे फार मोलाचं आहे. हिपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत तो झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. आपल्या देशाला त्याची ओळख फार मोठी किंमत देऊन झाली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या उपशाच्या जागी सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ए नव्हे, वेगळ्याच विषाणूची होती हे कळायला पुढे पंचवीस वर्षं गेली; त्यालाच नंतर ई म्हणू लागले. आणि तिथे पाण्याला क्लोरिन मारलं जात होतं, हेही लक्षात घ्या. जंतू आटोक्यात आले, विषाणू निसटला. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याला जीबीएसची (गुइलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली तेव्हाही रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, आणि सगळ्यांची नजर पाण्याकडेच वळली.

टायफॉइडवर मात्र आता चांगली संयुग्म लस आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये लाखाहून अधिक मुलांना ती दिली. चरकवाला दादा, मुलीला दिली नसेल तर विचारून घ्या.

नळपाणी | ९ एप्रिल, रात्री ८:१५

मी ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. टँकरच्या पाण्याबद्दल लिहितो. टँकर आला की ओटी टेस्ट करा. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे. रंग आला नाही तर ते पाणी पिंपात घेऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकावं लागेल: १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला १ ग्रॅम. मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी पिंपात ओता आणि अर्धा तास थांबा. पुडी उन्हात किंवा ओलीला राहिली तर तिच्यात दम राहत नाही. आमच्याकडे २० टक्क्यांच्या खाली क्लोरिन गेलेली पावडर बाद धरतात. गावात विहिरीच्या परिसराची पाहणी होते, धोका किती त्याप्रमाणे लाल-पिवळं-हिरवं कार्ड मिळतं. शहरातल्या टँकरच्या विहिरीला कोणतं कार्ड, हे विचारायचा हक्क तुम्हालाही असला पाहिजे.

रानजाई | १३ एप्रिल, रात्री ९:०५

चार बाटल्या आणल्या. अभ्यासिकेखालच्या रसवंतीवर गेले आणि त्या माणसाला सगळं सांगितलं. आधी तो घाबरला, मग स्वतःच पाणी काढून दिलं. जार, पिंप, बादली, वितळलेला बर्फ. ४८ तासांनी जार स्वच्छ. पिंप स्वच्छ. बादली आणि बर्फ काळे.

बाटल्या त्याला दाखवल्या. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, माझी दोन्ही पोरं हाच रस पितात." आज तीन बादल्या मांडल्या आहेत. हायपोक्लोराइटची पहिली बाटली मी घेऊन दिली. बर्फवाल्याला त्याने बिल मागितलंय, अजून मिळालेलं नाही. नळासाठी त्याचीही तीच अडचण आहे, प्रमाणपत्र आहे, जागेचा कागद नाही.

सोमवारी मी त्याच्याबरोबर वॉर्ड ऑफिसला जाणार आहे. चौकात चार गाड्यांना मिळून एक सार्वजनिक तोटी मिळेल का, एवढंच मागायचं ठरवलंय. भाचाही यायचं म्हणतोय.

सूक्ष्मदर्शी | १३ एप्रिल, रात्री ९:४०

काळ्या बाटल्या टाकू नका, घट्ट बंद ठेवून बरोबर न्या. तारीख आणि जागा वर लिहा.

चरकवाला | १३ एप्रिल, रात्री १२:१०

ताई, किती वाजता जाणार? माझं दुकान दुसऱ्या वॉर्डात आहे, पण अर्ज मी आधी केलेला आहे, त्यांनी तेव्हा काय काय मागितलं ते मला पाठ आहे. सकाळचं दुकान भाऊ बघेल. मी येतो.